नऊ मिनिटांसाठी राखलेलं पाणी

एप्रिल 2020. टाळेबंदीत कारखाने बंद, त्यामुळे विजेची मागणी आधीच उतरलेली. अशात 3 तारखेला जाहीर झालं की 5 एप्रिलला, रविवारी रात्री 9 वाजता, सगळ्यांनी घरातले दिवे 9 मिनिटं मालवायचे. त्या संध्याकाळी ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात, म्हणजे राज्यातली विजेची मागणी आणि निर्मिती यांचा मेळ घालणाऱ्या केंद्रात, माझी ड्युटी होती.

एरवी आमचं काम ठरलेलं. दिवसाचे 15 मिनिटांचे 96 ब्लॉक, प्रत्येकात मेरिट ऑर्डरप्रमाणे आधी स्वस्त वीज, शेवटी महाग. त्या संध्याकाळी हा क्रम बाजूला ठेवावा लागला. दिवे एकदम गेले की भार, म्हणजे मागणी, कोसळणार आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, उसळणार. कोळशावर वीज बनवणारा संच मिनिटाला क्षमतेच्या जेमतेम टक्क्याने उतरतो. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यातला 250 मेगावॉटचा संच काही मिनिटांत वरखाली होतो. म्हणून देशभर एकच बेत होता. सहानंतर जलविद्युत दाबून ठेवायची, मागणी कोळसा आणि गॅसवर भागवायची. पावणेनऊपासून जलविद्युत चढवत कोळशाचे संच खाली आणायचे आणि नऊच्या तोंडावर जलविद्युत झपाट्याने उतरवायची, पण हे संच ग्रिडवरून, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यावरून, सोडवायचे नाहीत. नऊ मिनिटांनी तेच पुन्हा लागणार होते.

अंदाज होता 12 ते 14 हजार मेगावॉट घसरणीचा. देशाची मागणी घसरली सुमारे 31 हजारांनी! नऊ वाजायच्या आधीच आकडे उतरू लागले होते. जलविद्युत पंचवीस मिनिटांत साडेसतरा हजार मेगावॉटने खाली आली. फ्रिक्वेन्सी 49.70 ते 50.26 हर्ट्झमध्ये राहिली. 49.90 ते 50.05 या नेहमीच्या पट्ट्याबाहेर ती गेली खरी, पण ग्रिड शाबूत राहिलं. दिवे परत लागले तशी कोयना पुन्हा चढवली.

मला त्या रात्रीपासून एक गोष्ट सलते. मेरिट ऑर्डरच्या यादीत विजेच्या युनिटचा दर असतो, संच किती चपळ आहे याचा रकाना नसतो. कोयनेचं वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायचं पाणी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट), तेच 31 मेपर्यंत पुरवायचं. त्यामुळे एप्रिलमध्ये सोडलेला प्रत्येक टीएमसी मेमधल्या एखाद्या तापलेल्या संध्याकाळच्या वाट्याचा असतो. त्याची खरी किंमत कोणत्याच दरपत्रकात दिसत नाही. आता सौरऊर्जा वाढते आहे, सूर्य मावळताना रोजच हजारो मेगावॉट भरून काढावे लागतात. पाणी वर चढवून साठवणारा घाटघरसारखा 250 मेगावॉटचा प्रकल्प त्यापुढे फार लहान पडतो. असे प्रकल्प वाढायला हवेत, आणि युनिटइतकेच पैसे त्यांच्या तत्परतेलाही मिळायला हवेत.