सुट्टीत लॅपटॉप नेता का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मे महिना लागला की क्लायंट हटकून विचारतात, ‘मॅडम, तुम्ही कोकणात गेलात की आमच्या कागदांचं काय?’ नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेली मुलं तेच जरा वेगळं करून विचारतात: घरच्यांबरोबर फिरायला जाताना ऑफिसचा लॅपटॉप, फोन, डेटा सांभाळायचा कसा, आणि त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं. नारायण पेठेत माझं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. इथल्या कपाटात आणि कॉम्प्युटरमध्ये लोकांचे पॅन, पगार, बँकेचे उतारे, भागीदारांची भांडणं असं सगळं आहे. तेव्हा विचारणाऱ्यांची काळजी रास्त आहे.

सॉफ्टवेअरचं नाव ऐकायला आलेली मुलं माझ्या उत्तराने हिरमुसतात, कारण मी म्हणते, नेऊच नका. सुट्टीची तारीख ठरवतानाच अर्धं काम होतं. जीएसटीच्या मासिक रिटर्नची, म्हणजे थ्रीबीची, शेवटची तारीख २०, मार्चअखेरच्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न ३१ मेपर्यंत. मग २१ ला निघायचं आणि महिना संपायच्या आत परत यायचं. १८ तारखेला निघालेला माणूस गणपतीपुळ्याच्या वाळूत बसून पोर्टल उघडण्याची वाट बघणार, आणि मग जे मिळेल त्या नेटवर, ज्याच्या हातात असेल त्याच्या फोनवरून काम उरकणार.

डिजिटल सिग्नेचरची टोकनं तर ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर जात नाहीत. पेनड्राइव्हएवढ्या त्या वस्तू, प्रत्येकीवर कागदी पट्टी चिकटवून क्लायंटचं नाव लिहिलेलं. खरं तर ती त्या त्या माणसाकडेच असायला हवीत, पण आमच्या धंद्यात ती सर्रास सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये असतात, आणि काही ठिकाणी पट्टीवर नावाखाली पिनही लिहिलेला असतो! ही म्हणजे दुसऱ्याची सही खिशात घालून समुद्रावर जाण्याची गत.

तरी कधी लॅपटॉप न्यावाच लागतो. तेव्हा एक गोष्ट बघून घ्या. विंडोजला पासवर्ड आहे म्हणजे डेटा कुलूपबंद आहे असं नाही. लॅपटॉप उघडून आतली डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला जोडली, की सगळ्या फाइल्स वाचता येतात. ते टाळायला डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी, म्हणजे किल्लीशिवाय कोणाला वाचता येऊ नये अशी. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की असते. ती छापून घ्या आणि घरी ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी त्यातलं टॅलीव्हॉल्ट लावावं. त्याने कंपनीचा डेटा एन्क्रिप्ट होतो, आणि यादीत कंपनीचं नावसुद्धा फुल्यांमध्ये दिसतं. हा पासवर्ड विसरलात तर मात्र डेटा परत मिळत नाही, त्यामुळे तो कुठे लिहून ठेवलाय हे ऑफिसमधल्या आणखी एका माणसाला ठाऊक असू द्या.

बॅग गाडीच्या डिकीत घरून निघतानाच टाकायची. फूड मॉलच्या पार्किंगमध्ये, दहा जणांदेखत, मागच्या सीटवरून काढून डिकीत ठेवणं म्हणजे माल कुठे आहे ते दाखवणंच.

आता खरा विषय. हॅकरची भीती सगळ्यांना वाटते, भाच्याची कोणालाच वाटत नाही. ताम्हिणी घाटाच्या वळणांवर पोरांना मळमळायला लागतं, कोणीतरी म्हणतं ‘दे गं तुझा फोन, गेम तरी खेळू दे’, आणि अनलॉक केलेला फोन मागच्या सीटवर जातो. तिथे व्हॉट्सॲप उघडं, मेल उघडा. वाईट हेतू कोणाचाच नसतो. एखाद्या कारखानदाराला नाचणाऱ्या माकडाचं स्टिकर गेलं तर निभावतं. फाइल चुकीच्या ग्रुपवर गेली तर नाही.

पोराला नाही म्हणता येत नाही, हे मान्य. म्हणून आमच्याकडे एक जुना टॅब आहे, त्यात ऑफिसचं एकही खातं नाही. फोन द्यावाच लागला तर अँड्रॉइडमध्ये ॲप पिनिंग आणि आयफोनमध्ये गायडेड ॲक्सेस असतं. नीट चालू करून दिलं की एकच ॲप उघडं राहतं, बाहेर पडायला तुमचा पिन लागतो.

त्याहून गुपचूप होणारा घोटाळा फोटोंचा. क्लायंट पॅन, आधार, चेक सगळं व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवतात, आणि ते गॅलरीत जाऊन बसतं. संध्याकाळी सासूबाई म्हणतात, ‘बघू आजचे फोटो.’ बोट सरकवता सरकवता सूर्यास्तानंतर कोणाचा तरी ताळेबंद येतो. घरातल्या सगळ्यांच्या फोटोंचा बॅकअप एकाच खात्यात जात असेल तर तोच ताळेबंद दिवाणखान्यातल्या टीव्हीवरही झळकू शकतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये मीडिया गॅलरीत न दाखवण्याची सोय आहे. ती आजच वापरा, सुट्टीची वाट बघू नका. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद करा. नाहीतर ओटीपी वाचायला कोणाला फोन उघडावाही लागत नाही.

कोकणातल्या घरगुती मुक्कामात आणखी एक गंमत असते. खोलीत रेंज नसते, ती मिळते विहिरीच्या कठड्यापाशी. त्यामुळे सगळे पाहुणे तिथे उभे राहून मोठ्याने बोलतात. एकदा एक गृहस्थ तिथून पुण्याच्या ऑफिसला युजर आयडी आणि पासवर्ड सांगत होते, अगदी स्पेलिंगसकट. ‘अरे कॅपिटल एस... सांगलीचा एस! मग ॲट द रेट...’ नारळ सोलणारा गडीसुद्धा थांबून ऐकत होता. यावर कुठलं सॉफ्टवेअर घ्याल? पासवर्ड जपून ठेवणारं ॲप, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, ठेवा, ऑफिसच्या माणसाला त्याचं स्वतःचं लॉगिन द्या, म्हणजे ओरडायची वेळ येत नाही.

हॉटेलच्या वायफायचा मला लोकांइतका बाऊ वाटत नाही, बहुतेक साइटचा मजकूर हल्ली एन्क्रिप्ट होऊनच जातो. तरी कामासाठी मी माझा हॉटस्पॉटच वापरते; खोट्या नावाचं वायफाय आणि खोटं लॉगिन पान ओळखत बसायला सुट्टीत डोकं कोण लावणार? हॉटेलच्या कॉम्प्युटरवर तिकीट छापायला व्हॉट्सॲप वेब उघडलंत तर उठण्याआधी लॉगआउट करा. फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन खात्री करा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आमच्यासारख्यांवर कोणी २५० कोटी लावेल असं नाही. पण पेठेत बातमी फिरायला कायदा लागत नाही.

फोन हरवलाच तर? सिमला पिन लावलेला नसेल तर चोर ते दुसऱ्या फोनमध्ये घालून तुमचे ओटीपी घेऊ शकतो. म्हणून पिन लावा, पण सिमचा आधीचा पिन कंपनीला विचारून मगच बदला; अंदाजाने तीनदा चुकलात तर फोन पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड, मागतो. हरवल्यावर आधी सिम बंद, मग सगळ्या खात्यांतून लॉगआउट, मग पोलिसांत तक्रार आणि त्या आधारे संचार साथी या सरकारी पोर्टलवर फोनच ब्लॉक. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

लॉगआउट करायला आधी लॉगिन व्हावं लागतं, आणि त्याचा ओटीपी हरवलेल्याच फोनवर जातो. म्हणून ओटीपीऐवजी चालणारे गुगलचे बॅकअप कोड छापून कोथरूडला नणंदेकडे ठेवलेत. एक कोड एकदाच चालतो, तेव्हा तिने फोनवर वाचून दाखवला तरी पुढे तो बाद. तिचा नंबर मात्र पाठ केलाय. फोन हरवल्यावर फोनमधला नंबर काय कामाचा!