पैसे सरळ न देता त्यासाठी धावायचे कशाला?

दरवर्षी जानेवारी जवळ आला की कोणी ना कोणी मला हा प्रश्न विचारतेच. कधी नात्यातले वडीलधारे विचारतात, कधी सोसायटीतल्या काकू, तर कधी नुकतीच देणगी दिलेले देणगीदारच विचारतात: "संस्थेला पैसेच द्यायचे असतील तर सरळ द्यावेत. त्यासाठी एकाने बेचाळीस किलोमीटर धावायचे आणि बाकीच्यांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवायच्या, हे कशाला?" महापालिकेच्या शाळांतील मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवणाऱ्या मुंबईतील एका लहान संस्थेचे हिशेब आणि देणग्या मी पाहते, आणि संस्थेसाठी मुंबई मॅरेथॉनमध्ये धावलेही आहे. प्रश्न रास्त आहे, आणि माझे उत्तर हिशेबाच्या वहीपासून सुरू होते.

आधी एक समज दूर करायला हवा. धावपटू स्पर्धेत नाव नोंदवताना जे शुल्क भरतो, ते आमच्यासारख्या संस्थेला मिळते असे पुष्कळांना वाटते. तसे नसते, ते शुल्क स्पर्धेच्या आयोजनासाठी असते. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि तिच्या देणग्यांची बाजू गेली अनेक वर्षे युनायटेड वे मुंबई ही संस्था सांभाळते. आमच्यासारख्या संस्था तिच्याकडे नोंदणी करतात, आणि त्यांपैकी एखादी निवडून धावपटू आपल्या ओळखीच्या लोकांकडे तिच्यासाठी देणगी मागतो. म्हणजे पैसा धावण्यातून येत नाही, मागण्यातून येतो. धावणे हे त्या मागण्यामागचे कारण असते, आणि ते कारण किती मोठे काम करते हे वर्षानुवर्षे देणग्यांच्या नोंदी करताना मला कळत गेले.

सरळ पैसे देणारे लोक असतात आणि त्यांचे ऋण आम्ही विसरत नाही. परंतु धावपटूंमार्फत आलेल्या देणगीदारांपैकी बहुतेकांना आमची संस्था आहे हेच आधी ठाऊक नव्हते. कोणाचा कॉलेजातला मित्र, कोणाची मावशी, कोणाच्या कार्यालयातला लेखापाल, कोणाच्या मुलीच्या वर्गशिक्षिका. पाचशे, हजार, कधी दोन हजार रुपये. या माणसांपर्यंत पोहोचण्याइतकी जाहिरात आम्ही कोणत्या जन्मी केली असती? एखाद्या बँकेत काम करणारी मुलगी आपल्या शंभर ओळखीच्या माणसांना पत्र लिहिते, की मी पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉन धावणार आहे आणि या मुलांच्या अभ्यासिकेसाठी धावणार आहे, तेव्हा तिच्या शब्दाखातर लोक आमच्यावर विश्वास ठेवतात. आपल्याकडे लग्नातला आहेर जसा वहीत नोंदला जातो आणि पुढे दुसऱ्या घरच्या कार्यात परत केला जातो, तसेच या देणग्यांचेही होते. यंदा ज्याने तिच्यासाठी हजार रुपये दिले, तो पुढच्या वर्षी स्वतः एखाद्या रुग्णालयासाठी किंवा वृद्धाश्रमासाठी धावतो आणि ती त्याला देते. आमच्या वहीत दिसते ती या साखळीतली एकच कडी.

या लहान रकमांचे आणखी एक मोल आहे, आणि ते संस्था चालवणाऱ्यांनाच नीट समजते. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आपल्या आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. तो निधी मोठा असतो आणि त्यातून चांगली कामे होतात, परंतु तो बहुधा एखाद्या प्रकल्पाला बांधलेला असतो. संगणक मिळतात, कपाटे मिळतात, भिंती रंगवून मिळतात. खोलीचे भाडे, विजेचे बिल, रोज संध्याकाळी सात वाजता दार उघडणाऱ्या ताईंचे मानधन हे मात्र कोणत्याही प्रकल्पाच्या मथळ्यात बसत नाही. धावपटूच्या मावशीने दिलेले हजार रुपये कशालाही बांधलेले नसतात, म्हणून अभ्यासिकेचे दार त्यांच्यावर उघडते. २०२१ आणि २०२२ या दोन वर्षी महामारीमुळे रस्त्यावरची मॅरेथॉन झाली नाही, तेव्हा आम्हाला सर्वांत आधी चिंता पडली ती याच खर्चांची.

करसवलतीसाठी लोक देतात असेही म्हटले जाते. आयकर कायद्यानुसार आमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेवर वजावट मिळते हे खरे, पण ती जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ती नाही, आणि आमच्या तरुण देणगीदारांपैकी अनेक जण नव्या प्रणालीत गेले आहेत. तरीही ते देतात.

मग धावणेच का? याचा विचार करताना मला टेरी फॉक्स आठवतो. कॅनडातल्या या तरुणाचा उजवा पाय १९७७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी त्याने सेंट जॉन्स या शहरातून कृत्रिम पायावर धावायला सुरुवात केली. रोज साधारण एका मॅरेथॉनइतके अंतर कापत आपला अवाढव्य देश ओलांडायचा आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे उभे करायचे, असा त्याचा संकल्प होता. पहिल्या काही आठवड्यांत त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. पुढे गावोगावी लोक रस्त्यावर येऊन उभे राहू लागले. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर कर्करोग फुप्फुसांत पसरल्याचे आढळले आणि त्याला थंडर बे या शहराजवळ थांबावे लागले. प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर जमावा ही त्याची इच्छा १९८१ च्या फेब्रुवारीत पूर्ण झाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये बावीस वर्षांचा टेरी गेला. त्याच्या नावाने आजही अनेक देशांत धाव होते. तिच्यात विजेता नसतो, बक्षीसही नसते. कर्करोगाच्या संशोधनाला पैसे हवेत हे त्याच्या आधीही सर्वांना माहीत होते आणि सरळ पैसे देण्याची वाटही खुली होती. लोकांनी हात सैल केला तो त्याला धावताना पाहिल्यावर.

आपल्याकडचा सामान्य धावपटू टेरी फॉक्स नसतो, पण तोही चार-पाच महिने पहाटे उठतो, पावसाळ्यात भिजत सराव करतो, आणि या काळात त्याचे आप्तेष्ट त्याची चौकशी करत राहतात. गुडघा कसा आहे, रविवारी किती धावलास, असे विचारता विचारता अभ्यासिकेत मुले किती आहेत हेही विचारले जाते. मागणाऱ्याची भीडही यात मोडते. मध्यमवर्गीय घरांत वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना दुसऱ्यासाठीसुद्धा हात पसरणे जड जाते. "मी एवढे करतो आहे, तुम्ही तेवढे करा" असे म्हणता आले की मान ताठ ठेवून मागता येते.

आता टाळ्यांविषयी. हे मी स्वतः धावले नसते तर मला एवढ्या तीव्रतेने सांगता आले नसते. साधारण तीस किलोमीटरनंतर शरीरातला साखरेचा साठा संपत येतो आणि पाय ऐकेनासे होतात. मी धावले त्या मार्गावर वांद्रे-वरळी सागरी सेतू ओलांडून, माहीम, शिवाजी पार्क, वरळी करत परत येताना, अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास गेल्यावर पेडर रोडचा चढ समोर येत असे. एरवी मोटारीतून जाताना तो चढ आहे हे जाणवतही नाही. त्या वेळी मात्र ऊन चढलेले असते, समुद्राकडची दमट हवा अंगाला चिकटलेली असते, आणि इथेच थांबावे असे मनात येते. नेमके तिथेच इमारतींतली माणसे खाली उतरलेली असतात. आजोबा संत्र्याच्या फोडी घेऊन उभे असतात, शाळकरी मुले वेदनाशामक फवारा घेऊन "काका, पाय?" असे विचारत असतात, कोणी चिक्की, कोणी गूळ, कोणी बशीत मीठ घेऊन आलेले असते. हे मीठ केवळ माया नाही, त्यात शहाणपणही आहे. तासन्‌तास घाम गाळणाऱ्याने नुसतेच पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

या रहिवाशांचा रविवार रस्ते बंद झाल्याने अडलेला असतो, हेही लक्षात घ्यायला हवे. त्यांनी खिडकी लावून घेतली असती तर कोणी दोष दिला नसता. छातीवरच्या क्रमांकाखाली संस्थेचे नाव वाचून एखाद्या बाई मला "अभ्यासिका, चला, थोडेच राहिले!" असे ओरडून सांगतात, तेव्हा त्याही आमच्या संस्थेच्या कामात सामील झालेल्या असतात. त्यांच्या हाकेवर मी चढ चढले, आणि मी शेवटपर्यंत पोहोचले याचा आनंद शंभर देणगीदारांच्या घरी झाला.

एक आग्रह मात्र मी दरवर्षी करते. बहुतेक लोक अव्वल धावपटू बघून घरी जातात. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून आलेल्या ललिता बाबर यांनी २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे भारतीय महिलांमध्ये ही मॅरेथॉन जिंकली, आणि पुढे २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. असे धावणे डोळ्यांचे पारणे फेडते. परंतु जो सहा तासांनी पोहोचतो, तो त्यांच्या दुप्पट वेळ रस्त्यावर असतो आणि उन्हाचा सगळा तडाखा त्याच्याच वाट्याला येतो. तोपर्यंत संत्री संपलेली असतात, बँड थांबलेला असतो, रस्ते वाहनांसाठी उघडू लागलेले असतात. आमच्यासारख्या संस्थांसाठी धावणारे बहुतेक लोक याच मागच्या गटात असतात: पन्नाशीतल्या गृहिणी, मधुमेह झाल्यावर धावायला लागलेले अधिकारी, पहिल्यांदाच एवढे अंतर धावणारी पोरे. तुम्हाला रस्त्यावर यायचे असेल तर दहानंतर या, आणि संत्री तोवर जपून ठेवा. त्याच वेळी रिकाम्या बाटल्या आणि साली उचलत येणारे सफाई कामगारही दिसतील. त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवा, कारण पहाटेपासून तेही पायांवरच उभे असतात.

सगळेच छान असते असे मी म्हणणार नाही. काही कंपन्या लहान अंतराच्या ड्रीम रनमध्ये मोठा चमू उतरवतात, आणि त्यांचा टी-शर्टांवरचा खर्च आम्हाला दिलेल्या रकमेपेक्षा जास्त असतो, हे हिशेब पाहणारी म्हणून मला खटकते. काहींचा संस्थेशी संबंध छायाचित्रापुरता उरतो. यावर आम्ही शोधलेला उपाय साधा आहे. मॅरेथॉन झाल्यावर आठवड्याभरात आम्ही आमच्या धावपटूंना अभ्यासिकेत बोलावतो. मुले त्यांची पदके हातात घेऊन बघतात, अंतर मोजायला नकाशा काढतात, आणि पाय दुखले का हे न चुकता विचारतात. या भेटीनंतर आठवड्यातून एक संध्याकाळ गणित शिकवायला येऊ लागलेली माणसे आमच्याकडे आहेत.

आणि ज्यांना खरोखर सरळच पैसे द्यायचे आहेत, त्यांनी जरूर द्यावेत, फक्त जानेवारीत देऊ नयेत. मॅरेथॉन आणि मार्चअखेर यांच्यामुळे आमच्या देणग्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत येतात, आणि शाळा जूनमध्ये उघडतात. वह्या, नव्या मुलांचे दप्तर, पावसात गळणारे छप्पर हे सगळे खर्च जून-जुलैत एकदम अंगावर येतात, तेव्हा खाते जवळपास रिकामे असते. त्या महिन्यांत, कोणीही न धावता, कोणीही न मागता आलेले हजार रुपये आम्हाला फार उपयोगी पडतील.