कुंडलिकेवरील नोंद : प्रवाहातला पहिला रोल, आणि एक उशिरा सुचलेली शंका

गेल्या रविवारी रायगड जिल्ह्यातल्या कुंडलिका नदीवर साजे गावाहून कयाक (एकट्याने वल्हवायची अरुंद बोट) घेऊन निघाल्यावर दुसऱ्याच रॅपिडच्या (खळाळत्या उताराच्या) शेवटी, डाव्या काठाच्या एडीतून (प्रवाहाच्या कडेला फिरणाऱ्या संथ पाण्यातून) प्रवाहात शिरताना मी उलटलो आणि स्प्रे स्कर्ट (बोटीचे तोंड झाकणारे कमरेभोवतीचे आवरण) न ओढता, म्हणजे बोट न सोडता, पुन्हा वर आलो. तरणतलावात दहांतले नऊ रोल (उलटलेली बोट आत बसूनच पॅडलने सरळ करणे) जमू लागल्यानंतरही नदीवर मात्र सलग पाच वेळा बोट सोडून पोहत काठ गाठावा लागला, ती नामुष्की मागच्या नोंदींत आलेलीच आहे. त्यामुळे हा एक रोल दिसायला कितीही ओबडधोबड असला, तरी स्वतंत्र नोंदीस पात्र आहे, असे मी धरून चालतो.

आरंभी मी सगळा दोष बोटीच्या आतल्या बैठकीला दिला होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. बोट वापरलेली घेतली आहे, आणि आधीचा मालक माझ्याहून बराच रुंद असावा. हिप स्नॅप (बोट फिरवणारा कमरेचा झटका) मारला की बोट फिरण्याआधी मीच आत सरकत असे. एका दुकानातून मागवलेले हिप पॅड (कमरेच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या गाद्या) सहा आठवड्यांनी आले, तेही चुकीच्या मापाचे. शेवटी ट्रेकला फाटलेली जुनी कॅरीमॅट कापली, तिचे तीन थर चांभाराकडे मिळणाऱ्या रबर सोल्यूशनने चिकटवले आणि दोन्ही बाजूंना बसवले. विकतच्या पॅडपेक्षा ते घट्ट बसतात, हे सांगताना मला जरा जास्तच आनंद होतो आहे.

तरीही पाचवा स्विम (बोट सोडून पोहणे) या पॅडनंतरचाच होता. मग मित्राने काठावरून फोनवर टिपलेले चौदा सेकंदांचे चित्रण थांबवत थांबवत पाहिले, तेव्हा खरी गोष्ट दिसली : उलटल्यावर पुरता एक सेकंदही न थांबता मी पॅडल बोटीच्या कडेला लावून स्वीप (पॅडल पाण्यावरून अर्धवर्तुळात फिरवणे) सुरू करत होतो. त्या क्षणी बोट एडीच्या संथ पाण्यातून बाहेर पडलेली असते, पण प्रवाहाचा वेग तिने अजून घेतलेला नसतो. त्यामुळे धावते पाणी पॅडलच्या पात्यावर आदळते, पाते खोल जाते, आधार मिळत नाही, आणि घाबरून डोके सर्वांत आधी वर येते. एकदा बोट प्रवाहाच्या वेगाने वाहू लागली, की तिच्या भोवतीचे पाणी तिच्या दृष्टीने जवळजवळ स्थिरच होते, म्हणजे पुन्हा तरणतलाव. रविवारी मी अंग डेकवर (बोटीच्या वरच्या भागावर) दुमडून, दगडांपासून चेहरा सांभाळत, मनात तीनपर्यंत मोजले आणि मगच स्वीप केला. पाण्याखाली ते तीन अंक फार लांबतात.

असे प्रयोग मनाला येईल तेव्हा करता येत नाहीत, हे कुंडलिकेवर जाणाऱ्यांना सांगायला नको. मुळशी धरणाचे पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहातून या नदीत उतरते. एरवी भीमेतून बंगालच्या उपसागराला गेले असते, ते रेवदंड्याला अरबी समुद्रात मिळते. सकाळी वीजनिर्मिती सुरू असेतो आमची नदी, आणि पाणी ओसरले की उघडे पडलेले दगड. माझ्या वाट्याला दर खेपेस जेमतेम दोन-अडीच तास येतात.

इथपर्यंत लिहिल्यावर एक शंका आली म्हणून वही काढून पाहिली, तर पाच स्विमपैकी चार डाव्या काठाच्या एडीतून बाहेर पडताना झालेले निघाले. तिथून निघताना बोटीचे तोंड तिरपे उगमाकडे असते, म्हणून बोटीची उगमाकडची कड माझ्या उजव्या हाताला येते. उताराकडे झुकायचे राहिले की मी उजवीकडे उलटतो, आणि माझा एकमेव भरवशाचा रोलही उजव्या बाजूलाच वर येतो, म्हणजे नेमका धावत्या पाण्याच्या तोंडावर. उजव्या काठाच्या एडीतून निघालो असतो, तर तोच रोल उताराच्या बाजूला वर आला असता आणि पाण्याने उलट मदतच केली असती. तेव्हा ‘तीन अंक’ हे अर्धेच उत्तर असण्याचा संभव आहे.

त्यामुळे नोव्हेंबरातला ऋषिकेशजवळच्या शिवपुरीचा बेत मी पुढे ढकलतो आहे. गंगेच्या थंड पाण्यात हे गणित सोडवण्याची माझी तयारी नाही. येत्या रविवारी दोन्ही काठांच्या एडींतून मुद्दाम पाच-पाच वेळा उलटायचे, खाली थ्रो बॅग (फेकायच्या दोराची पिशवी) घेऊन मित्राला उभे करायचे आणि प्रत्येक वेळी तीनपर्यंत मोजायचे, असे ठरवले आहे. त्यातूनही डाव्या काठाचीच एडी हट्टी ठरली, तर तलावात परत जाऊन डावीकडचा रोल पहिल्यापासून शिकावा लागेल. तो टाळण्यासाठीच मी वर्षभर नाना सबबी सांगत आलो आहे. तत्पूर्वी उजव्या पॅडचा वरचा थर एका कोपऱ्याला सुटला आहे, तो शनिवारपर्यंत चिकटवून वाळवायला हवा.