तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिडिओ पॉज करून का छापत नाही?

दादरच्या फुलबाजारावर मी एक छोटी ॲनिमेशन फिल्म केली आणि नंतर तिच्यातूनच डिजिटल कोलाजचे प्रिंट काढले. ते बघणारे बहुतेक जण मला एकच विचारतात: व्हिडिओ तर होताच, मग त्यातली एक सुंदर फ्रेम पॉज करून छापायची, एवढी कापाकापी कशाला?

आधी तांत्रिक अडचण सांगते. फुल एचडी फ्रेम म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेल. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून छापली तर ती जेमतेम ६.४ इंच रुंद होते. ए३ कागदाला साधारण ४९६१ बाय ३५०८ लागतात. शिवाय कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओत बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्याच नसतात. शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, तेवढंच ठेवलेलं असतं. पडद्यावर ते खपून जातं, कागदावर मात्र कडांपाशी चौकोन उमटतात.

पण मूळ फाइलमधून हवी तेवढी मोठी फ्रेम काढता आली, तरी मी ती छापणार नाही. सेकंदाला २४ फ्रेम, एकेक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं. यातलं प्रत्येक चित्र पुढच्याला वाट करून देण्यासाठी काढलेलं असतं. डोक्यावर टोपली घेतलेला हमाल गर्रकन वळतो, तेव्हा मधल्या चित्रात त्याचा हात मी मुद्दाम रबरासारखा ताणते. फिल्ममध्ये तो वेग वाटतो, एकट्या चित्रात मोडलेला हात. आणि ज्या फ्रेम नीटस दिसतात, त्यांत फुलबाजारातली धक्काबुक्कीच नसते.

म्हणून तोच हमाल मी एका कागदावर चार ठिकाणी ठेवते: येताना, वाकताना, वळताना, गर्दीत शिरताना. यात माझं नवीन काही नाही. अजिंठ्यात जातककथांच्या भिंती बघा. एकच पात्र त्याच भिंतीवर पुन्हापुन्हा भेटतं, मध्ये चौकट नसते, आणि आपण न गोंधळता कथा वाचत जातो. फ्रान्समध्ये हालचालींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८०च्या दशकात उडणाऱ्या पक्ष्याच्या सगळ्या अवस्था फोटोच्या एकाच काचेच्या प्लेटवर टिपल्या. काळ एका पृष्ठभागावर मावतो, हे मला या दोघांकडून पटलं.

मग मांडणी. कागदाच्या तळाशी पहाटेचा काळोख आणि दिव्यांचा उजेड, वर जाता जाता ऊन. सगळ्यात जास्त वेळ खातो झेंडू. पडद्यावर तो नारिंगी प्रकाशाने झळकतो. नेहमीच्या चार शाईंच्या छपाईत तेवढा तेज नारिंगी बसतच नाही, तो विटकरीकडे झुकतो. अशा वेळी मी झेंडूला हात लावत नाही, त्याच्या शेजारचा निळा गडद करते. शेजार बदलला की फूल पेटतं. हे मॉनिटरवर ठरवता येत नाही, त्याच कागदावर टेस्ट प्रिंट काढूनच बघावं लागतं. कागद मी बिनचकाकीचा सुती घेते, चकाकी आली की तो पुन्हा पडदा वाटू लागतो.

तुम्हाला तुमच्या फिल्मचे असे प्रिंट करायचे असतील, तर एमपी४, म्हणजे तयार झालेली व्हिडिओ फाइल, बाजूला ठेवा. पात्रं, पार्श्वभूमी, सावल्या वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे सुट्या थरांवर असलेल्या मूळ फाइली आधी शोधा, आणि फिल्म पूर्ण झाली म्हणून त्या कधीही डिलीट करू नका.