नाइफ लेकची तयारी: ओल, घाम आणि गिरणेची वाळू

जळगाव, चोपडा आणि शहादा येथील आमच्या गटाने गेल्या फेब्रुवारीत अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, बाउंड्री वॉटर्स या अरण्यात, गोठलेल्या तलावांवरून स्नोशू (हिमात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद, जाळीदार चौकट) घालून प्रवास केला होता. येत्या फेब्रुवारीत मूस लेकपासून न्यूफाउंड, सकर आणि बर्च हे तलाव ओलांडत नाइफ लेकपर्यंत जाण्याचा बेत आहे. त्या तयारीची ही नोंद आहे. लडाख जवळ असताना इतक्या दूर कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. पँगाँग हिवाळ्यात गोठतो हे खरे, परंतु तिथली हवा कोरडी असल्याने खोल, भुसभुशीत हिम फारसे साचत नाही आणि स्नोशूंचे काम पडत नाही. शिवाय चार हजार मीटरहून अधिक उंचीवर ओझे ओढणे हा वेगळाच मामला आहे.

उणे तीस अंशांची धास्ती खानदेशी माणसाला वाटणारच, पण मला तिथे थंडीपेक्षा ओलीचा धाक जास्त वाटतो. ही ओल बाहेरून येते तशी अंगातूनही येते.

बाहेरची ओल म्हणजे स्लश. तलावावर हिम साचले की त्याच्या भाराने खालचा गोठलेला थर दबतो, भेगांतून पाणी वर येते आणि वरच्या हिमाची दुलई असल्याने ते कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. वरून सगळे पांढरे, कोरडे दिसते. पाऊल टाकले की करड्या रंगाचे पाणी जाळीतून वर येते, आणि पाय उचलताच हवेच्या स्पर्शाने ते असे घट्ट धरते की हलका स्नोशू लोखंडी घमेल्याइतका जड होतो. मग थांबून, हातमोजा न काढता, काठीने ठोकून आणि खरवडून तो मोकळा करावा लागतो. सामान ओढायच्या घसरगाडीचा तळही उलटा करून तसाच साफ करावा लागतो. यावर चांगला उपाय म्हणजे आदल्या संध्याकाळी रिकाम्या हातांनी पुढची वाट तुडवून ठेवणे. दाबलेल्या हिमातून थंडी खाली उतरते, रात्रीत ती वाट टणक होते आणि सकाळी ओझ्यासह तिच्यावरून निर्धास्त जाता येते. अर्थात ही वाट तुडवण्याआधी थराची जाडी तपासलेली हवी. सर्वांत पुढे चालणाऱ्याच्या हातात पहार असते. स्वच्छ, काळसर दिसणारा थर किमान चार इंच असला तरच त्यावर चालायचे. दुधट पांढरा थर साधारण निम्म्याच ताकदीचा असल्याने तो दुप्पट जाड हवा. दोन तलावांमधील अरुंद गळ्याजवळ आणि ओढ्याच्या मुखाशी प्रवाहामुळे थर पातळ राहतो, म्हणून तिथे वेळ गेला तरी काठाने, झाडीतून जावे, हे आमच्या गटात वादाच्या पलीकडचे आहे.

घामाचा सराव मात्र इथेच करता येतो. गिरणेच्या कोरड्या पात्रात पहाटे आम्ही भरलेली घसरगाडी ओढतो. तिला दोरीऐवजी दोन पीव्हीसी पाइप जोडले आहेत आणि दोरी त्यांच्या आतून कमरपट्ट्यापर्यंत आणली आहे, म्हणजे उतारावर गाडी टाचांवर येऊन आदळत नाही. पाइपांच्या बाबतीत जळगावकराला दुसऱ्याकडे पाहावे लागत नाही, एवढे तरी आपले भाग्य! वाळूचे घर्षण हिमापेक्षा जास्त असल्याने दम लवकर लागतो, आणि शिकायचे आहे ते नेमके दम न लागू देणे. चोपड्याचे नाना, जे गटात सर्वांत सावकाश चालतात, त्यांनाच यंदा पुढे ठेवले आहे. कोणाच्या पाठीला ओल जाणवली की सगळ्यांनी थांबायचे आणि एक थर उतरवायचा, कारण लोकरीत मुरलेला घाम विसाव्याला बसताच अंग गारठवतो.

तंबू जळगावातच शिवून घेत आहोत. ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराने मेण चढवलेले कापड सुचवले होते, परंतु त्यातून वाफ बाहेर पडत नाही आणि रात्री छतावर दव गोठते. म्हणून जाड, कोरे सुती कापडच घेतले. आत पत्र्याची शेगडी बसते, धुराड्याच्या भोकाभोवती आग न धरणारे कापड लावतात, आणि शेगडीखाली ओल्या लाकडाचे ओंडके ठेवतात. नाहीतर ती हिम वितळवत हळूहळू खाली रुतत जाते. छताखालच्या दोरीवर मोजे आणि बुटांची अस्तरे वाळतात. तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी तंबू उभारून पाहिला. तिथली थंडी त्या मानाने सौम्य, पण दवाचा अंदाज उत्तम आला.

खाण्यात तळलेल्या बट्ट्या आणि तूप कायम आहे. एका ग्रॅम स्निग्धांशातून नऊ कॅलरी मिळतात, पिठातून चारच, आणि ओझे आपल्यालाच ओढायचे असते. बट्ट्यांचे तुकडे आणि तुपाच्या वड्या घरूनच पाडून न्याव्यात. गोठल्यावर सुरी चालत नाही.

स्नोशूंचा निर्णय राहिला आहे. दोन्ही टोकांना निमुळता असलेला, ओजिब्वे या तिथल्या आदिवासींच्या पद्धतीचा, लाकडी चौकटीचा स्नोशू तलावावर सरळ चालायला फारच छान, पण मुक्कामाच्या जागी लाकूड गोळा करताना तो झुडपांत वळवताना त्रास होतो, तिथे गोलसर, आखूड बेअरपॉ सोयीचा. दोन्ही नेले तर वजन वाढते. गटात नऊपेक्षा जास्त माणसे नकोत हा तिथला नियम असल्याने आम्ही आठच निघणार आहोत. तेव्हा सर्वांसाठी ओजिब्वे आणि छावणीसाठी मिळून दोन जोड बेअरपॉ, असा शहाद्याच्या ताईंचा प्रस्ताव आहे, आणि मला तो पटतो.