तुम्ही विचारलंत म्हणून: प्लाक आणि कीटण

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे पेशंट हमखास विचारतात, "डॉक्टर, प्लाक म्हणजे कीटणच ना? मग ब्रश जोरात घासला तर निघणार नाही का?"

प्लाक म्हणजे कीटण नव्हे, आणि कीटण ब्रशने नाही निघणार. प्लाक हा जिवाणूंचा मऊ, चिकट थर. नखाने दात खरवडल्यावर जे पांढरट लागतं, ते तेच. ब्रश केल्यावर काही तासांत तो पुन्हा धरायला लागतो आणि ब्रशनेच जातो. राहून गेला तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसत जातं आणि साधारण 10-12 दिवसांत तो टणक होतो. हे कीटण. जोर लावला तर हिरडी मागे सरकते, दाताचं मूळ झिजतं, कीटण मात्र जागचं हलत नाही.

आरशात खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू बघा. पिवळट, खडबडीत पट्टी दिसेल. लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात, म्हणून कीटण आधी तिथे धरतं. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही तेच. बोअरच्या जड पाण्याला उगाच बोल लावू नका, खनिजं येतात ती लाळेतून. मिश्रीचे काळे डाग हा तिसराच प्रकार, पण खडबडीत कीटणावर ते लवकर बसतात. डाग काढायला पुन्हा मिश्रीच घासणं तर अगदी चुकीचं.

"मशीनने साफ केलं की दात हलतात" ही भीती आपल्याकडे फार आहे. दात हलतो तो हाड झिजल्यामुळे, आणि ते काम हिरडीखालच्या काळपट कीटणावर साचलेल्या प्लाकने आधीच केलेलं असतं. कीटणाने दोन दातांमधली फट बुजलेली असते, ते निघालं की फट जिभेला लागते, काही दिवस थंड पाणी झोंबतं. मशीनची टोकदार पट्टी सूक्ष्म कंपनांनी कीटण फोडते, वरून पाण्याचा फवारा चालू असतो. दात तासला जात नाही.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार लपून राहतो.

घरी मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून, दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री झोपताना. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे दातांचा दोरा (फ्लॉस) किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश लागतोच.