पागनीसांचे तुकोबा, गौरीची जिजाई

'संत तुकाराम' या जुन्या सिनेमात तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा फोटो आमच्या दुकानात देव म्हणून विकला जायचा.

साताऱ्यात राजपथाच्या मागच्या गल्लीत अण्णांचं तसबिरींचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथंच स्टुलावर बसून अभ्यास करायचे. अण्णा हिऱ्यानं काच कापायचे, लाकडी पट्टीचे कोपरे तिरके कापून बारीक चुका ठोकायचे, मागून पुठ्ठा बसवून कडेनं खाकी कागद चिकटवायचे. आषाढीच्या आधी महिनाभर पुढची रांग विठ्ठल-रखुमाई आणि ज्ञानोबा-तुकोबांची. तुकोबांची चित्रं दोन-तीन तऱ्हेची यायची. काही निव्वळ चित्रकाराच्या हातची असायची, आणि एक ते, ज्याचा चेहरा सरळसरळ सिनेमातला. डोळे किंचित वर, ओठ अर्धवट उघडे, आत्ता गाणं सुरू होईल असे. गिऱ्हाईक तेच उचलायचं. कोरेगावकडचे एक आजोबा मला पक्के आठवतात. अण्णांनी त्यांना दुसरं, जास्त रंगीत चित्र दाखवलं तर म्हणाले, "ह्ये न्हवं ओ. आमचं तुकोबा द्या." अण्णांनी सांगितलं की हे सिनेमातले पागनीस आहेत, नट आहेत. आजोबा म्हणाले, "आसंनात का. त्येंच्याकडं बघून हात जोडावंसं वाटत्यात." अण्णा पुढं काही बोलले नाहीत. कागदात गुंडाळून सुतळी बांधून दिली.

तुकोबांचा काळ सतराव्या शतकाचा पूर्वार्ध. समोर बसवून काढलेलं त्यांचं चित्र आपल्यापाशी नाही. मग तीनेकशे वर्षांनी, १९३६ साली, पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओत एक गायक नट वीणा घेऊन उभा राहतो आणि महाराष्ट्राच्या घराघरांतल्या देव्हाऱ्यात तुकोबा म्हणून जाऊन बसतो. लोकप्रिय करमणुकीची ताकद मला याहून मोठी कुठं दिसलेली नाही. तसं तर शिवाजी महाराज म्हटलं की आमच्या आधीच्या पिढीला चंद्रकांत मांढरे दिसायचे, आताच्या मुलांना अमोल कोल्हे दिसतात, आणि माझ्या आईच्या डोळ्यांपुढं थोरले माधवराव म्हणजे रवींद्र मंकणीच. पण त्यांच्या तसबिरी करून कुणी गंध लावत नाही. पागनीसांना लावतात.

'संत तुकाराम' दामले आणि फत्तेलाल या जोडीचा. दामले ध्वनीचे जाणकार, शेख फत्तेलाल कलादिग्दर्शक. देहूचं घर, ओसरी, घाट, सगळ्यावर फत्तेलालांचा हात आहे. वारकऱ्यांच्या तुकोबांना आणि पुढं १९४० साली ज्ञानेश्वरांनाही पडद्यावर आणणाऱ्या दोघांतला एक मुसलमान होता आणि पडद्यावरचे ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक ख्रिस्ती होते, हे मला फार मोलाचं वाटतं. पागनीस मूळचे संगीत नाटकांतले, स्त्रीभूमिका करणारे. ती मार्दवाची सवय त्यांच्या खांद्यांत, मानेत, हाताच्या बोटांत शेवटपर्यंत दिसते. त्यांचे तुकोबा चालतात तेसुद्धा कुणाला धक्का लागू नये असे. बोलता बोलता गाणं कधी सुरू झालं ते कळत नाही. मुंबईत हा सिनेमा एकाच थेटरात वर्षाहून जास्त चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुढं पागनीस हिंदीत तुलसीदास झाले, नरसी मेहता झाले.

मी तो पहिल्यांदा दूरदर्शनवर पाहिला, नंतर कितीतरी वेळा. दरवेळी रडले. मात्र कॉलेजात असताना गाथा हातात आली आणि मी चक्रावले. पागनीसांच्या तोंडी काही केल्या बसणार नाहीत असे अभंग तिथं पानोपानी होते. 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास' हे सिनेमातल्या तुकोबांना शोभतं. पण त्याच अभंगात पुढं 'नाठाळाचे काठी देऊं माथां' आहे, आणि काठी देणारा हात मला त्या तसबिरीत कुठंच सापडेना. दांभिकांना ते ज्या भाषेत झोडपतात ती आज कुणी चारचौघांत वापरली तर लोक कानांवर हात ठेवतील. आणि देवालाही सुट्टी नाही. 'माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल' असं लिहिणारा माणूस आहे हा. देवाशी बोलणं टाकलं, त्याचं नाव घेणार नाही, दोघांचं खंडलं, असं तो पुढं म्हणतो. आयुष्यभर ज्याच्यासाठी घरदार बाजूला ठेवलं त्यालाच असं सुनवायला काय छाती लागते! आणि या माणसानं सोसलंय किती. १६३०च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली', हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मेली ती पहिली बायको, रखमाबाई. दुकान बसलं, दिवाळं निघालं, लोकांत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. हा राग, ही भूक, ही लाज पागनीसांच्या चेहऱ्यावर उमटत नाही. त्यांचे तुकोबा जणू हे सगळं पार करून पलीकडच्या तीरावर उभे असलेलेच आपल्याला भेटतात.

बरीच वर्षं मला वाटायचं की सिनेमानं तुकोबांचा राग कापून टाकला. पुन्हा पुन्हा बघताना एके दिवशी लक्षात आलं की राग सिनेमात आहे. पुरेपूर आहे. तो तुकोबांच्या दुसऱ्या बायकोकडं, जिजाईकडं आहे.

गौरी या नटीनं जिजाई केलीय. प्रभातमध्ये किरकोळ कामं करत करत इथवर आलेली ही बाई. तिला नटी म्हणायलाही जीव धजत नाही, इतकी ती त्या घरातली आहे. पदर खोचलेला, आवाज चढलेला, हात सतत कशात तरी गुंतलेले. शेण, गोवऱ्या, म्हैस, पोरं. नवरा वीणा घेऊन दारात आला की हिच्या कपाळावर आठी पडते, कारण तो रिकाम्या हातानं आलेला असतो आणि संध्याकाळी पोरांना काय घालायचं हा प्रश्न हिचा असतो. मूल आजारी पडतं तेव्हा ती पायातली वहाण हातात घेऊन विठोबाच्या देवळात शिरते. तो प्रसंग तुम्ही पाहिला नसेल तर जरूर पाहा. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या देवापुढं एक बाई वहाण उगारून उभी आहे, त्याला जाब विचारते आहे, आणि १९३६ सालच्या भाविक प्रेक्षकांनी तिच्यावर राग धरला नाही. ज्यांनी पागनीसांच्या तसबिरीला गंध लावलं त्यांनीच गौरीला डोक्यावर घेतलं. 'देव मेला' म्हणण्याचं जे धाडस गाथेत तुकोबांनी केलं, ते पडद्यावर तिनं केलं. दामले-फत्तेलालांनी आणि पटकथा लिहिणाऱ्या शिवराम वाशीकरांनी हे ठरवून केलं की घडून गेलं, ते काहीही असो. एकाच माणसाच्या आतलं भांडण त्यांनी नवरा आणि बायको यांच्यात वाटून दिलं.

आणि हे वाटप हवेतून आलेलं नाही. गाथेत अभंगांचा एक गट आहे. 'स्वामींचे स्त्रीनें स्वामींस कठीण उत्तरें केलीं', असा त्याला मथळा आहे. १८६९ साली मुंबई सरकारच्या मदतीनं इंदुप्रकाश छापखान्यात गाथेची जी मोठी आवृत्ती छापायला घेतली तिच्यापासून हे अभंग सगळ्यांना वाचायला मिळताहेत. बायको बोलते आहे आणि नवरा ते अभंगात उतरवून घेतो आहे. 'काय नेणों होता दावेदार मेला । वैर तो साधिला होउनि गोहो.' मागच्या जन्मीचा कोण दावेदार होता कोण जाणे, नवरा होऊन वैर साधायला आला! अजून एक आहे, 'गोणी आली घरा । दाणे खाऊं नेदी पोरां.' घरात धान्याची गोणी आली तर हा मेला पोरांच्या तोंडात दाणा पडू देत नाही, लोकांच्या ओट्या भरतो. त्याच अभंगांत विठ्ठलालाही आई-माईवरून शिव्या आहेत, इथं मला लिहिवत नाहीत. पुढं कीर्तनांतून जिजाई 'कर्कशा' म्हणून रंगली, लोकांनी तिच्यावर हसून घेतलं. पण तुकोबांनी तिचं म्हणणं शब्दाला शब्द लिहून ठेवलं, आणि तिला खोडून काढण्याची त्यांना घाई झालेली मला तरी दिसत नाही. आपल्या बायकोची तक्रार इतकी चोख लिहून ठेवणारा दुसरा संतकवी मला ठाऊक नाही. कीर्तनांनी तिचं हसं केलं होतं ते गौरीनं पुसलं.

म्हणून 'सिनेमात इतिहास खोटा दाखवतात' या एका वाक्यात कुणी हा सिनेमा निकालात काढला की मला वाईट वाटतं. विमान येतं, धान्याच्या राशी पडतात, शत्रूला जिकडेतिकडे शिवाजी दिसतो, हे सगळं त्यात आहेच. ते महिपतीबुवांच्या चरित्रातून आणि लोकांच्या श्रद्धेतून आलंय. त्याची शहानिशा जाणकारांनी करावी, करायलाच हवी. पण चूल कशी पेटते, उपाशी पोर आईकडं कसं बघतं, महाराजांकडून आलेले दागिने-कपडे बघून गरिबाचं घर कसं हरखतं आणि नवऱ्यानं ते परत पाठवले की कसं कोमेजतं, हा इतिहास कुठल्या बखरीत आहे? तो इथं आहे.

उलट्या बाजूनं पाहिलं तर सिनेमानं तुकोबांना काही देऊनही टाकलंय. 'आधी बीज एकले' हे गाणं शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलं, चाल केशवराव भोळ्यांची. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात ते तुकोबांचा अभंग म्हणूनच म्हटलं जायचं. शेवटी 'तुका म्हणे' नाही, तरी कुणाच्या मनात शंका आली नाही. गंमत बघा, त्याच सिनेमात तुकोबांची कवनं आपल्या नावावर खपवणारा सालोमालो आहे. तोही गाथेतून आलेला, 'सालोमालो हरीचे दास । म्हणउन केला अवघा नास', 'म्हणती एकांचें आपुलें'. दुसऱ्याचं ते आपलं म्हणणाऱ्यांवर तुकोबा असे तुटून पडतात. आठवल्यांच्या बाबतीत घडलं ते याच्या नेमकं उलटं. आपलं गाणं लोकांनी तुकोबांना देऊन टाकलेलं बघणं, याहून मोठा सन्मान गीतकाराला कुठला? तरीही आठवल्यांचं नाव लोकांना ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून ते गाणं मी म्हणते तेव्हा आधी त्यांचं नाव घेते.

२०१२ साली चंद्रकांत कुलकर्णींचा 'तुकाराम' आला. जितेंद्र जोशी तुकोबा. तो पाहायला मी अण्णांना घेऊन गेले होते. त्यात लहानपण आहे, दुकान आहे, वीणा जामकरची रखमा आहे आणि तो दुष्काळ अंगावर येतो. रखमा जाते तेव्हा अण्णांनी चष्मा काढून पुसला. गाथेतला संसारी, कर्जात बुडालेला, चिडणारा माणूस मला तिथं बराचसा भेटला. बाहेर पडल्यावर मी विचारलं, आता दुकानात यांची तसबीर ठेवायची का? अण्णा म्हणाले, "या पोरानं काम चांगलं केलंय. पण लोकांना पागनीसच लागणार." तसंच झालं. त्या चेहऱ्याची कुणी मागणी केल्याचं ऐकलं नाही. मला वाटतं, घरात टांगायला लोकांना सुटका झालेला माणूस लागतो. झगडणारा माणूस त्यांना पडद्यावर चालतो, भिंतीवर नको असतो. आणि गौरीची तसबीर? ती तर कधी छापलीच गेली नाही. जिच्या तोंडी सबंध सिनेमाचा जाळ होता तिला भिंतीवर जागा नाही. तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हासुद्धा ती घरातच असते, चुलीपाशी. पोरांना टाकून ती कशी जाणार?

आमच्या सोसायटीत महिला भजनी मंडळ आहे, दर गुरुवारी बसतं. यंदा आषाढीच्या कार्यक्रमात 'गोणी आली घरा' घेऊ या, असं मी सुचवलं. पेटी वाजवणाऱ्या काकूंनी गाथेतून अभंग दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हा म्हणायचा असतो हेच कुणी आम्हाला सांगितलं नाही." दोघींना भाषा पटली नाही, 'मेला' वगैरे देवापुढं कसं म्हणायचं म्हणून. त्यांना मी मोबाईलवर तो देवळातला प्रसंग दाखवला. आता चाल बसवायचं चाललंय. भैरवीत नको, एवढं सगळ्यांचं ठरलंय.